सतरा नंबरचं चाक

पंपिंग स्टेशनच्या फाटकातून आत शिरणाऱ्या माणसाला पहिल्या पन्नास पावलांत एकोणीस पाट्या लागायच्या. धूम्रपान करू नका, पळू नका, रेंगाळू नका, शिडीवर एका वेळी एकानेच चढा, आणि सगळ्यांत शेवटी, चालताना पाट्या वाचू नका, समोर बघा. ही शेवटची पाटी सुरक्षा अधिकाऱ्यांना स्वतःलाच सुचली होती, कारण आदल्या आठवड्यात एक कारकून अठरावी पाटी वाचता वाचता गटारात पाय घालून बसला होता. अपघात म्हणून त्याची नोंद झाली नाही. घोटा सुजला होता हे खरं, पण तो घरी गेल्यावर सुजला असं सर्वानुमते ठरलं.

या अधिकाऱ्यांना तोंडावर सगळे 'सर' म्हणत आणि पाठ वळली की फलकराव.

स्टेशनचं काम सांगायला सोपं होतं. लांबच्या बंदरातून निघालेलं डिझेल आणि पेट्रोल जमिनीखालच्या लाइनमधून इथवर येई तोवर त्याचा जोर ओसरलेला असे. इथले पंप त्याला पुन्हा जोर देत आणि पुढे ढकलत. कुंपण ओलांडलं की ही लाइन सरळ बाजारपेठेखालून जाई. वर न्हाव्याचं दुकान, लॉन्ड्री, चपलांची दोन दुकानं आणि एक शाळा. खाली मांडीएवढ्या जाडीच्या नळातून अहोरात्र वाहणारं इंधन. बाजाराखाली काही फुटलंच, तर नुसते पंप बंद करून भागणार नव्हतं, कारण बाजार उताराला होता आणि नळात भरलेलं सगळं तिकडेच धावलं असतं. ते अडवायला एकच वस्तू होती. कुंपणालगतचा सतरा नंबरचा व्हॉल्व्ह. त्याचं मोठं चाक हाताने फिरवत गेलं की आत पोलादाची फळी खाली उतरते आणि लाइन बंद होते. दर तीन महिन्यांनी हे चाक दहा फेरे बंद करायचं, दहा फेरे परत उघडायचं आणि कार्डावर सही करायची, असा नियम होता.

नियम पाळला जात होता. अकरा वर्षांची चव्वेचाळीस कार्डं एका खोक्यात तारीखवार लावलेली होती, आणि प्रत्येकावर 'समाधानकारक' असं लिहिलेलं होतं.

पंचेचाळिसावं कार्ड पान्हेबाईच्या हातात पडलं.

पान्हेबाई म्हणजे देखभाल विभागात नव्याने बदलून आलेली तंत्रज्ञ. वय बेचाळीस, दुसऱ्या डेपोत वीस वर्षं काढलेली. पहिल्याच दिवशी ती स्वतःचा पान्हा पिशवीत घालून आली, म्हणून हे नाव पडलं. स्टोअरमधून पान्हा मिळवायला तीन सह्या लागतात हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर तर तिने स्वतःचा दुसराही आणला. नवरा बंदरावर नोकरीला, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस घरात ती आणि सासरे. सासरे, म्हणजे नाना, याच स्टेशनवर हेड फिटर होते आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. स्टेशनवर अजूनही त्यांचं नाव निघालं की जुनी माणसं उभी राहात. "नानांच्या काळात..." अशी वाक्यं सुरू होत आणि एका सुस्काऱ्यात संपत.

तर पान्हेबाई कार्ड घेऊन सतरा नंबरकडे गेली आणि तिने चाकाला हात घातला. चाक हललं नाही. तिने पाय रोवले, अंग झोकून दिलं. चाक ढिम्म. तिने पान्ह्याच्या दांड्याला नळाचा तुकडा जोडून जोर लावला, तेव्हा तिच्या खांद्यातून कट् असा आवाज आला. व्हॉल्व्हमधून काहीच आवाज आला नाही.

मग ती वाकून बघायला लागली. चाकाच्या मधून वर येणाऱ्या दांड्याचे आटे पिवळ्या रंगाने गुळगुळीत लिंपलेले होते. हा दांडा फिरला असता तर आट्यांवरचा रंग आधी तडकला असता, मग सोलून निघाला असता. इथे एक चरासुद्धा नव्हता. ग्रीस घालायची भोकंही रंगानेच बुजलेली. तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक घेऊन हळूच खरवडलं. पिवळ्याखाली राखाडी निघाला. राखाडीखाली हिरवा, मग पुन्हा पिवळा, मग लाल. दर वर्षी तपासणीच्या आधी सगळ्या व्हॉल्व्हना रंग लागे, आणि रंग त्या त्या वेळच्या साहेबांच्या आवडीचा असे. तिने दहा थर मोजले. दहा थर म्हणजे दहा वर्षं.

'नाना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली,' असं तिच्या मनात आलं. उरलेल्या सात थरांचा हिशेब तिने मनात येऊ दिला नाही. कार्डावर तिने लिहिलं, 'चाक फिरत नाही', आणि ती फलकरावांकडे गेली.

फलकरावांनी कार्ड हातात घेतलं आणि भलत्याच भाषेतलं पत्र आल्यासारखं उलटसुलट करून पाहिलं.

"हे असं लिहायचं नसतं. इथे दोनच चौकटी आहेत. चाचणी घेतली, चाचणी घेतली नाही. तू घेतलीस का?"

"घेतली. चाक फिरत नाही."

"घेतलीस ना? मग पहिल्या चौकटीत खूण कर. चाक फिरवायचा प्रयत्न झाला म्हणजे चाचणी झाली. फिरलंच पाहिजे असं या कार्डावर कुठे लिहिलंय दाखव."

तिने दाखवायचा प्रयत्न केला. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. कार्ड बनवणाऱ्याला बिचाऱ्याला वाटलं असावं की तेवढं लोकांना समजेल.

"सर, उद्या बाजाराखाली लाइन फुटली तर?"

"शुभ बोल गं," फलकराव म्हणाले. "चार हजार दिवसांत एक अपघात नाही. पुढच्या बुधवारी तपासणी आहे, सत्कार समारंभ आहे, आणि तू काय घेऊन बसलीस?"

त्यांनी कोरं कार्ड दिलं. तिने त्यावरही तेच लिहिलं. तिसऱ्या कार्डावरही तेच. मग तिन्ही कार्डं 'गहाळ' झाली आणि तिला मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं.

मोठे साहेब म्हणजे स्टेशनचे व्यवस्थापक. यांचा आवाज कधी चढत नसे. चढवायची वेळ येण्याआधीच ते कमिटी नेमत.

"बसा. असं बघा, अकरा वर्षं हे चाक फिरतंय. वेगवेगळ्या माणसांनी फिरवलं. तुमच्या हातात आलं आणि अडलं. आता तुम्हीच सांगा, शास्त्रीय दृष्टीने बदललं काय? चाक तेच. हात बदलला."

"म्हणजे माझ्या हातात दोष?"

"मी दोष हा शब्दच वापरत नाही. तुमची काळजी म्हणून दवाखान्यात पाठवतोय."

आणि खरोखरच तिला पाठवलं. डॉक्टरांनी एक स्प्रिंगची मूठ तिच्या हातात दिली आणि दाबायला सांगितली. काटा टोकाला जाऊन अडकला, परत येईना. डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलं, 'पकड सरासरीपेक्षा बरीच जास्त', आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून विचारलं, "या बाटलीचं झाकण परवापासून उघडत नाहीये, जरा बघता का?" तिने उघडून दिलं.

साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! जास्त जोर लावल्यामुळेच अडलं असणार. तपासणी होईपर्यंत तुम्ही त्या चाकाला हात लावायचा नाही. लेखी आदेश निघेल."

आदेश निघाला. त्याच दिवशी दुसराही आदेश निघाला, की तपासणीच्या आधी सतरा नंबरला नवा रंग लावावा.

या सगळ्यात तिला वाटायला हवा होता संताप. पण संतापाच्या आड दुसरंच काहीतरी टोचत होतं. शनिवारी कचेरी लवकर सुटली तेव्हा ती नोंदींच्या खोलीत गेली आणि तिने ते खोकं उघडलं. शेवटची बारा कार्डं नानांनंतर आलेल्या आणि आता बदलून गेलेल्या फिटरची. त्याआधीची बत्तीस नानांची. वळणदार अक्षर, सहीखाली आखलेली सरळ रेघ. समाधानकारक. समाधानकारक. समाधानकारक. घरी वाण्याची यादी लिहितानाही नाना हीच रेघ मारत. तिने खोकं बंद केलं आणि ते होतं त्याच जागी परत ठेवलं.

लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला पान्हा धरायला नानांनीच शिकवलं होतं. नोकरी कर, असा आग्रह धरणारेही तेच. "हात काळे झाले तरी चालतील सूनबाई, काम काळं नको," असं ते तिला पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि तिने ते वाक्य वीस वर्षं जपून वापरलं होतं.

निवृत्तीनंतर नानांनी एकच उद्योग मांडला होता. इमारतीतल्या कुणाचाही नळ गळला की ते पिशवी घेऊन हजर. बोलवायचीही गरज नसे. जिन्यातून जाताना थेंबाचा आवाज ऐकू आला की ते परक्याच्या दाराची कडी वाजवत. शेजारणी हसत. पण एवढ्या मोठ्या चारमजली इमारतीत एकही नळ गळत नव्हता, हेही खरं.

रविवारी सकाळी ते स्वतःच्याच स्वयंपाकघरातला नळ उघडून बसले होते. तो गळत नव्हता. पुढे गळू नये म्हणून.

"नाना, सतरा नंबरचा व्हॉल्व्ह फिरत नाही," ती म्हणाली.

नानांच्या बोटातला वॉशर मोरीत पडला. तो शोधायला ते वाकले आणि नको तितका वेळ वाकलेलेच राहिले.

"तेल घाल."

"रंगाचे दहा थर आहेत. एकही तडकलेला नाही."

"मोजलेस?"

"मोजले."

नाना उठले. वॉशर सापडला नव्हता. त्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं.

"मग सही करून टाक. कशाला नसत्या भानगडीत पडतेस? मी केल्या. कोसळलं का आभाळ? काल आलेली पोरगी तू, मला थर मोजून दाखवतेस?"

ती मोरीत वाकून वॉशर शोधायला लागली. त्याने नाना आणखी चिडले, पिशवी उचलून बाहेर पडले आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी धडधाकट नळ उघडून बसले. घरचा नळ सुटाच राहिला. तिने दुपारी नानांच्या पितळी डब्यातून नवा वॉशर काढून तो बसवला.

दोन दिवस घरात मीठ-पाण्यापुरतं बोलणं चाललं. मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा नाना इस्त्री केलेला कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशीच्या समारंभात चार हजार अपघातविरहित दिवसांचे शिल्पकार म्हणून सत्कार व्हायचा होता तो त्यांचाच. निमंत्रणात 'सहकुटुंब' लिहिलेलं होतं.

"पहिली चार कार्डं खरी आहेत," नाना एकदम म्हणाले. "पहिल्या वर्षी चाक फिरायचं. पाचव्या वेळी अडलं. मी लिहिलं तसं. तेव्हाचे साहेब म्हणाले, कार्ड खराब झालं, स्वच्छ लिहून आणा. मी पुन्हा तेच लिहिलं. मग त्यांनी जवळ बसवून समजावलं. व्हॉल्व्ह सोडवायचा तर लाइन थांबवायला लागेल, यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी नक्की. तेवढ्यापुरती एक सही करा."

"आणि?"

"पहिल्यांदा पेन दोनदा खाली ठेवलं. पुढच्या वेळी पेन रेंगाळलं. त्याच्या पुढच्या वेळी..." ते थांबले. "त्याच्या पुढच्या वेळी मी चहा पीत होतो गं. चहा पिता पिता केली. कप खालीसुद्धा ठेवला नाही."

ती त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसली. तिला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या कोटाचं एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं होतं तेही दिसत होतं.

"मी लिहिलंय तीनदा," ती शेवटी म्हणाली. "मागे घेणार नाही. तुमचं नाव येईल त्यात."

"येऊ दे," असं नाना म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर येशील ना? एकट्याने जायला नको वाटतंय."

बुधवारी फलकरावांची पंचाईत झाली. पान्हेबाईला तपासणी संपेपर्यंत स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसवायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ती आली ती सत्कारमूर्तींच्या कुटुंबीयांत, साडी नेसून, पहिल्या रांगेत. पहिल्या रांगेतल्या पाहुण्याला स्टोअरमध्ये पाठवायचा नियम त्यांना कुठे सापडेना.

तपासनीस मुख्यालयाने नेमलेले होते. सर्दीने नाक लाल झालेले, शांत गृहस्थ. त्यांच्याकडे दोनशे बारा प्रश्नांची यादी होती आणि सकाळपासून ते एकेका प्रश्नावर खूण करत चालले होते. पाट्या पाहून ते प्रभावित झाले. प्रथमोपचाराच्या पेटीत एक बँडेज मुदत उलटून गेलेलं निघालं, तेव्हा मात्र हाहाकार माजला. साहेबांनी जागच्या जागी कमिटी नेमली. सतरा नंबरबद्दल यादीत एकच प्रश्न होता, एक्याण्णवावा, 'चाचणीची कार्डं उपलब्ध आहेत का?' कार्डं उपलब्ध होती. खूण झाली.

मग समारंभ. साहेबांनी नानांचा उल्लेख 'सुरक्षेचा चालताबोलता आदर्श' असा केला, ढाल दिली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. नाना माइकपाशी गेले. कोटाच्या खिशात त्यांच्या भाषणाची घडी दिसत होती. ती त्यांनी काढलीच नाही.

"मी सतरा नंबरच्या बत्तीस कार्डांवर सह्या केल्यात," ते म्हणाले. "त्यातल्या चार खऱ्या आहेत. अठ्ठावीस खोट्या. ते चाक दहा वर्षं फिरलेलं नाही. माझ्या सुनेने तसं लिहिलं, तर तिलाच दवाखान्यात पाठवलं. खोटं वाटत असेल तर चला, मी दाखवतो."

टाळ्या वाजल्या. मागच्या रांगांना ऐकू गेलं नव्हतं, आणि समारंभात माणूस बोलायचा थांबला की टाळ्या वाजवायच्या एवढं त्यांना ठाऊक होतं.

साहेब उठून हसले. "नाना आमचे पहिल्यापासून विनोदी." पण नाना तोवर पायऱ्या उतरून दाराशी पोहोचले होते. तपासनीसांनी नाक पुसलं, यादी बगलेत मारली आणि ते निघाले. तपासनीस निघाले म्हणताच साहेब निघाले, साहेबांमागे अख्खा सभामंडप.

यार्डाच्या दाराशी फलकरावांनी सगळ्यांना अडवलं. हेल्मेट घातल्याशिवाय आणि वहीत सही केल्याशिवाय आत कुणाला सोडता येत नव्हतं. नियम तो नियम. एका पेनाने चाळीस माणसांच्या सह्या व्हायला अर्धा तास गेला. साडीवर हेल्मेट घातलेली पान्हेबाई उन्हात उभी होती आणि नाना तिच्या शेजारी, ढाल काखेत धरून.

सतरा नंबरला आदल्याच दिवशी रंग लागला होता. तपासणी म्हणून मुद्दाम जाड थर, त्यामुळे तो अजून वाळला नव्हता. नानांनी ढाल सुनेकडे दिली, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि जोर लावला. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. चाक हललं नाही. त्यांनी हात काढले तेव्हा तळवे पिवळेधमक झाले होते.

"वय झालं आता नानांचं," असं म्हणून साहेबांनी स्वतः चाक धरलं. ते त्यांना नडलं. बाह्या पिवळ्या झाल्या, टाय चाकाला चिकटला आणि तो फलकरावांनी सोडवायला जाताना त्यांचेही हात रंगले. शेवटी तपासनीसांनी यादी खाली ठेवली आणि तेही लागले. काही उपयोग झाला नाही.

"असं आहे," साहेब दम खात म्हणाले, "हे चाक आम्ही मुद्दामच घट्ट ठेवलंय. येताजाता कुणी फिरवू नये म्हणून. सुरक्षेच्या दृष्टीने."

तपासनीसांना एक जोरदार शिंक आली. नाक पुसता पुसता त्यांनी विचारलं, "मग वेळ आली तर फिरवणार कोण?"

साहेबांनी फलकरावांकडे पाहिलं. फलकरावांनी आजूबाजूला पाटी लावायला जागा आहे का ते पाहिलं.

तपासनीस पान्हेबाईकडे वळले. "तुम्ही लिहून दिलं होतंत?"

"तीन कार्डांवर."

"कार्डं गहाळ झालीत," साहेब म्हणाले.

आणि तेव्हा एक अशी गोष्ट घडली जिची कुणालाच अपेक्षा नव्हती, निदान फलकरावांना स्वतःला तरी नव्हतीच. ते आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहात हळूच म्हणाले, "नाही सर. माझ्या खणात आहेत. फाडायला हात धजला नाही."

तपासनीसांनी यादी उचलली. एक्याण्णव नंबरच्या प्रश्नावरची खूण त्यांनी खोडली आणि समासात लिहिलं, 'चाक फिरत नाही'. कागदावर त्यांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. तो तसाच मुख्यालयात गेला.

त्यानंतर मुख्यालयाने जी चपळाई दाखवली तिला तोड नाही. दहा वर्षं ज्यासाठी वेळ काढता आला नाही त्यासाठी अकराव्या दिवशी लाइन सोळा तास थांबली. जग बुडालं नाही. बाजारात तर कुणाला पत्ताही लागला नाही. व्हॉल्व्ह उचलून वर्कशॉपमध्ये उघडला, तेव्हा पान्हेबाई आत डोकावली. दांडा आणि फळी यांना जोडणारी कडी झिजून केव्हाच तुटली होती. जोर लावून चाक फिरवलंच असतं, तर दांडा ऐटीत खाली गेला असता आणि फळी जागची हलली नसती. वर माणूस चाक फिरवत बसला असता, खाली इंधन बाजाराकडे धावलं असतं. नानांना आत यायला परवानगी नव्हती म्हणून ते कुंपणापलीकडे लॉन्ड्रीच्या पायरीवर बसून होते. तिने तो तुटका तुकडा फडक्यात गुंडाळून कुंपणापाशी नेला आणि जाळीतून दाखवला. नानांनी जाळीत बोटं अडकवून पाहिलं. मग मागे वळून शाळा सुटायची वेळ झालेल्या त्या रस्त्याकडे पाहिलं आणि ते पायरीवर परत जाऊन बसले.

नवा व्हॉल्व्ह बसला. अहवालही आला. 'व्यवस्थापकांनी जोपासलेल्या पारदर्शक वातावरणामुळेच हा दोष वेळीच उघडकीस आला', असं त्यात होतं. साहेबांची बढती होऊन ते मुख्यालयात गेले. तिथे पारदर्शकतेसाठी नवा विभाग उघडला होता आणि त्याला बंद दाराची केबिन होती. पान्हेबाईला स्टेशनातले सगळेच्या सगळे बेचाळीस व्हॉल्व्ह तपासायचं काम मिळालं. हे बक्षीस की शिक्षा ते पत्रात स्पष्ट केलेलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तिला आणखी नऊ अडलेले सापडले. कार्डावर आता 'चाक फिरत नाही' अशी तिसरी चौकट आली होती. ती फलकरावांनी स्वतः पट्टीने आखून छापून घेतली होती, आणि त्याबद्दल कुठेही पाटी लावली नव्हती.

नानांना कडक शब्दांत ताकीद आली. 'यापुढे असा प्रकार आढळल्यास आपणांस सेवेतून कमी करण्यात येईल', असं निवृत्त होऊन तीन वर्षं झालेल्या माणसाला लिहिलेलं होतं. सुनेने वाचून दाखवलं तेव्हा दोघंही हसली, पण नानांचं हसू लवकर संपलं. संध्याकाळी बागेतल्या बाकावर त्यांच्याबरोबर बसणारी स्टेशनातली जुनी माणसं आता लांबून फिरून जात. अठ्ठावीस खोट्या सह्यांचा माणूस, म्हणून नव्हे. त्यांच्यापैकी प्रत्येकाला आपापला आकडा ठाऊक होता, म्हणून. नाना आठ दिवस बाकावर एकटे बसले आणि नवव्या दिवशी गेलेच नाहीत. नळांची पिशवीही कोपऱ्यात पडून राहिली.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी फोन वाजला. पान्हेबाईने घेतला. पलीकडे एक म्हातारा, खोकणारा आवाज होता. लाइनवरच्या चार स्टेशन पुढच्या ठिकाणचा फिटर, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेला. नाना आहेत का, असं त्याने विचारलं, आणि ती 'देते' म्हणाली तर घाईने म्हणाला, "नसले तरी चालेल हो."

नानांनी फोन कानाला लावला. बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मग त्यांनी तिला खुणेने वही मागितली, चष्मा मागितला, आणि टेबलापाशी खुर्ची ओढून बसले.

त्या आठवड्यात आणखी पाच फोन आले. एकाने तर नावच सांगितलं नाही. एकाची बायको बोलली, कारण त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं. तो मागून ओरडून सांगत होता आणि ती पुढे सांगत होती. नानांनी सगळं वळणदार अक्षरात टिपून घेतलं. कोणतं स्टेशन, कितवा व्हॉल्व्ह, कधीपासून. सोमवारी ती पानं पान्हेबाईने फलकरावांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, घाम पुसला आणि मुख्यालयाला पाठवायच्या पत्राचा कागद पुढे ओढला.

शनिवारी ती कामावरून आली तेव्हा नाना फोनवरच होते. पाठ दाराकडे होती, त्यामुळे ती आल्याचं त्यांना कळलं नाही.

"रडू नकोस रे," ते कुणाला तरी सांगत होते. "आधी नंबर सांग. सव्वीस? बरं. लाइनच्या कुठल्या अंगाला? आणि त्या अंगाला वर काय आहे, वस्ती आहे का? ... किती घरं? ... घाई नाही. आठवून सांग. मी थांबतो."